शुद्धिपत्र

माणसांना ताण देण्याबद्दल मला पाच वर्षं पगार मिळाला. त्याआधी बावीस वर्षं हेच काम मी एका दैनिकाचा शहापूरचा वार्ताहर म्हणून करत होतो. पण तेव्हा त्याला पत्रकारिता म्हणत. दैनिकाला एके दिवशी तालुक्याच्या बातम्यांची गरज उरली नाही. त्याच सुमारास एका संशोधन संस्थेला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घरोघर फिरेल, लोकांशी बोलेल आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहील असा माणूस हवा होता. तिसरी अट मी पूर्ण करतो असं मुलाखतीत मीच सांगितलं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

काम सोपं होतं. मनावर ताण आला की हृदय आणि रक्तदाब काय करतात, आणि त्याचा पुढे मेंदूशी, म्हणजे स्मरणशक्तीशी, काही संबंध लागतो का, हे संस्थेला पाहायचं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा. दहा मिनिटं त्याला स्वस्थ बसवायचं, ही विश्रांती. मग पाच मिनिटं तोंडी वजाबाकी करायला लावायची, हा ताण. शिकलेल्यांनी सात-सात वजा करत मागे यायचं, न शिकलेल्यांनी तीन-तीन. नंतर पुन्हा दहा मिनिटं स्वस्थ, हा विसावा. यंत्र मधूनमधून आपणहून पट्टा फुगवून रक्तदाब घेत राही. शेवटी स्मरणशक्तीची चाचणी: दहा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी विचारायचे.

ताणाच्या पाच मिनिटांत आमचं वागणं ठरलेलं होतं. हसायचं नाही. मान डोलवायची नाही. उत्तर चुकलं की कोऱ्या चेहऱ्याने म्हणायचं, "चूक. परत." आणि पहिल्या आकड्यापासून सुरू करायला लावायचं. बाकीच्यांना हे शिकवायला दोन दिवस लागले. मला लागले नाहीत. माझ्या उपसंपादकाने बावीस वर्षं माझ्याशी याखेरीज दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही.

संशोधनाचा आराखडा करणाऱ्यांनी बरंच काही गृहीत धरलं होतं. चाचणीआधी अर्धा तास चहा घ्यायचा नाही, असा नियम होता. चहामुळे रक्तदाब हलतो. पण घरात पाऊल टाकलेल्या माणसाला चहा न देता बसवून ठेवलं की घरातल्या बाईचा किती हलतो, हे आराखड्यात नव्हतं. चाचणी नवऱ्याची चाललेली असे आणि ती बशी झाकलेला कप घेऊन दारात उभी. चहा गार होतोय, पाहुणा पीत नाही, नवराही पीत नाही. मी तिला पट्टा बांधायला हवा होता, असं आज वाटतं.

शहापूरजवळ एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मी "चूक" म्हणालो. ते म्हणाले, "माझी नाही, तुमची. तुम्ही प्रश्न नीट विचारला नाहीत." वजाबाकी तिथेच थांबली. पुढची वीस मिनिटं ते प्रश्न कसा विचारावा हे शिकवत होते. विसाव्याची दहा मिनिटंही त्यांनी त्यातच घालवली आणि वर गेलेला आकडा काही खाली आला नाही. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी तो कागद पाहून मला पहिल्यांदा विषय समजावला. चढण्यात विशेष काही नाही, चढायलाच हवं. प्रश्न आहे किती चढतं आणि खाली कधी येतं याचा. रोज उठून भलतंच चढत असेल आणि उतरत नसेल, तर ते धक्के वर्षानुवर्षं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या सोसतात. पुढे विसरणं, गोंधळणं यांत त्याचा वाटा असू शकतो. "असू शकतो," त्या दोनदा म्हणाल्या. मी वहीत एकदाच लिहिलं.

तानसा तलावाजवळच्या एका पाड्यावर उलटंच झालं. तिथल्या एका बाईचा आकडा विश्रांतीत चढलेला आणि वजाबाकी सुरू केल्यावर उतरलेला. डॉक्टरबाईंचा फोन आला, "यंत्र उलटं लावलं होतं का?" यंत्र सुलटच होतं. बाई टँकरच्या रांगेत हंडा ठेवून आली होती. स्वस्थ बसवल्यावर तिला हंड्याशिवाय दुसरं काही सुचेना. वजाबाकीत निदान पाच मिनिटं हंडा विसरता आला. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या कडेला राहण्याचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

असे नमुने जमवत आम्ही मुरबाड तालुक्यात, धसईच्या पलीकडच्या एका गावात पोचलो. तिथे हिराबाय भेटली. (नावं बदलली आहेत. तिच्या घरच्यांनी लिहायला हरकत घेतली नाही. सुनेने फक्त "तुमची चूक पण लिवा" अशी अट घातली.)

हिराबाय तेव्हा सत्तरीच्या आसपास होती आणि धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इकडच्या काही समाजांत लग्न लावण्याचं मोठं काम बाईकडे असतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, ती म्हणते. तिने धवला उचलल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. मागे एक बाई तिची ओळ झेलते, म्हणजे परत म्हणते. कागद नाही, वही नाही. देवांची नावं, दोन्ही कुळांची नावं, नवरा-नवरीची नावं, सगळं धवलारणीच्या डोक्यात. हिराबायने त्या पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांची लग्नं लावली होती. तिची ओळ झेलायला कायम तिची सून सुनंदा असे.

पट्टा बांधला. विश्रांतीचा आकडा उत्तम. वजाबाकी सुरू केली. ती चार पायऱ्या बरोबर उतरली, पाचवीला चुकली.

"चूक. परत."

"कशाला परत? चुकला ना? चुकू दे."

"परत."

"हा बाबा रागावला काय गो सुनंदे? च्या नाय दिलास काय त्याला?"

आकडा हलला नाही. पाच मिनिटं ती चुकत होती, मी कोऱ्या चेहऱ्याने बसलो होतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा जवळपास तोच आकडा दाखवत होतं. शंभरेक माणसांना घाम फोडल्यावर मला असं कुणी पहिल्यांदाच भेटलं. शब्दांच्या चाचणीत तिने दहांपैकी सात सांगितले.

प्रत्येकाला आम्ही एक छापील कागद देत असू. त्यावर विश्रांतीचा रक्तदाब आणि तो जास्त असेल तर सरकारी दवाखान्यात जाण्याचा सल्ला. एवढंच. बाकी काही लिहू नये, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण बावीस वर्षं मथळे देणाऱ्या माणसाला कोरी जागा दिसली. मी पेन काढून वर ठळक लिहिलं: "ताणाचा काहीही परिणाम नाही." खाली सही केली.

हिराबायचा मुलगा बबन मुरबाडला जाऊन त्या कागदाला प्लास्टिक चढवून आला. कागद ओटीवर, विजेच्या मीटरशेजारी, येणाऱ्याच्या नजरेला पडेल असा लागला. त्याचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर गेला. मशीनने पास केलेली धवलारीण त्या पंचक्रोशीत एकच होती. माझ्या बावीस वर्षांतल्या एकाही बातमीला कुणी प्लास्टिक चढवलं नव्हतं. मी हे संस्थेतल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगितलं.

दीड वर्षाने दुसरी फेरी निघाली. तीच माणसं, तीच चाचणी. गावात उतरलो तर हिराबायच्या घरी मांडवाची बोलणी चालली होती. बबनच्या मुलीचं, पूजाचं लग्न महिन्यावर आलं होतं. नातीच्या लग्नात धवले आजीच म्हणणार, हे पूजा जन्मली तेव्हाच ठरलेलं.

पट्टा बांधला. आकडा पुन्हा जागचा हलला नाही. बबन म्हणाला, "बघा, तशीच हाय. दगड." मग शब्द विचारले. हिराबायने दोन सांगितले. तिसऱ्याला थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुझं शब्द तुलाच ठेव रे बाबा. मी काय करू ते घेऊन?" सगळे हसले. मीही हसलो असतो. शब्दांच्या चाचणीतही आम्हाला हसायला बंदी होती.

निघताना सुनंदा जीपपर्यंत आली.

"साहेब, दोनच सांगितलं ना तिनी?"

"आम्हाला सांगता येत नाही."

"मला मोजता येतं. मागल्या टायमाला सात होतं." मग आवाज खाली करून म्हणाली, "तिकडं खालच्या आळीत लगीन होतं. आयेनी नवरीच्या जागी नवरीच्या आयशीचं नाव घेतलं. तिचं लगीन पण आयेनीच लावलेलं ना. बाया बोलल्या, म्हातारी चेष्टा करतं. मी मागून बरोबर नाव घेतलं, निभावलं. दोन लग्नांत असंच झालं. तांदळात मीठ दोनदा टाकतं. मी ह्यांना बोलले, डॉक्टरला दाखवू. तर हे काय बोलतात माहीत हाय?"

"काय?"

"भिंतीकडं बोट दाखवतात. बोलतात, वाच. काय पण परिणाम नाय. सहीनिशी हाय."

बातमी चुकली की दैनिकात दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, तळाला, सगळ्यात बारीक टाइपात शुद्धिपत्र छापतात. बावीस वर्षांत माझ्या नावावर एकही नव्हतं. याचा अर्थ मी चुकलो नव्हतो असा नाही. तक्रार करायला शहापूरला कुणी आलं नव्हतं, इतकाच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फेऱ्यांचे कागद घेऊन मी डॉक्टरबाईंसमोर बसलो. मथळ्याचंही सांगितलं.

"सपाट म्हणजे निरोगी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वाचायला बरं वाटत होतं."

त्यांनी चष्मा काढला. मग शांतपणे, मला कळेल असं बोलल्या. समोर अवघड काही आलं की मेंदू हृदयाला हाक मारतो आणि हृदयाने थोडं उठून उभं राहायचं असतं. अती उठणं वाईट, हे लोकांना पटतं. अजिबात न उठणंही चांगलं नसू शकतं, हे पटत नाही. ते शांत स्वभावासारखं दिसतं. न उठण्याच्या निदान दोन शक्यता. एक, माणसाला ते अवघड वाटलंच नाही, किंवा त्याने मनावरच घेतलं नाही. दुसरी, हाकच नीट पोचत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. संशोधकांचंही यावर अजून एकमत झालेलं नाही.

"मग हिराबायचं यांतलं कोणतं?"

"ते आपलं यंत्र सांगणार नाही. पण सातावरून दोन शब्द आणि नावांची अदलाबदल, यासाठी यंत्र लागत नाही. त्यांना तपासायला पाठवा. विसरण्याची काही कारणं औषधाने सुधारतात. काही सुधारत नाहीत, पण तीही लवकर कळलेली बरी. आणि तो कागद भिंतीवरून उतरवा."

"संस्थेतर्फे पत्र पाठवू?"

"लिहिलं कोणी होतं?"

धसईपर्यंत एसटीने गेलो आणि पुढे मिळेल त्या गाडीने. वाटेत मी शुद्धिपत्राचा मसुदा मनात केला. चांगला झाला होता. कर्मणी प्रयोगात होता. चूक केली गेली होती, पण केली कोणीच नव्हती.

ओटीवर बबन, सुनंदा, हिराबाय आणि लग्नाचे तांदूळ निवडायला आलेल्या शेजारच्या दोन बाया होत्या. मी मसुदा म्हणून दाखवला. बबनने ऐकून घेतलं.

"म्हंजे मशीन खोटं बोललं?"

"मशीन नाही. मी." मसुद्यात हे नव्हतं.

"आता बोलताय? लगीन महिन्यावर आल्यावर? आता दवाखान्यात नेली तर गावभर होईल, हिराबायचं डोकं गेलं. मग मांडवात कोण उभी करंल तिला? नातीचं लगीन हाय तिच्या. लगीन झाल्यावर बघू."

"आणि मांडवात चुकली तर?" सुनंदा म्हणाली. "पूजाच्या सासरची माणसं समोर बसलेली असतील. ती काय चेष्टा समजणार नाय."

"तू गप गो. तुलाच धवलारीण व्हायचंय."

सुनंदाने सूप खाली ठेवलं. "वीस वरसं मी तिच्या मागं उभी हाय. पुढं जायचं असतं तर कधीच गेली असती."

बोलणं हिराबायबद्दल चाललं होतं आणि हिराबाय तांदूळ निवडत होती. आता तिने हात पुसले आणि बाही वर केली.

"आणलास काय तुझा पट्टा? बांध."

"आज चाचणी नाही, हिराबाय."

"बांध बोल्ले ना. वजाबाकी नको. त्या वजाबाकीचं मला काय पडलंय? मी काय तलाठी हाय? तिच्या जागी धवला लाव."

यंत्र माझ्या पिशवीत होतं. मी पट्टा बांधला. तिने सुनंदाला मांडवाच्या खांबाचा धवला म्हणायला सांगितलं. सुनंदाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. हिराबाय डोळे मिटून ऐकत होती. देवांची नावं आली तिथे सुनंदाने एक गाळलं.

"चूक," हिराबाय म्हणाली. "परत."

चेहरा कोरा होता. माझ्यापेक्षा चांगला जमला होता.

यंत्राने पट्टा फुगवला. आकडा चढला होता. दीड वर्ष वजाबाकीला न हललेला आकडा एक देव गाळल्याबरोबर उठून उभा राहिला होता. सुनंदाने परत म्हटलं; या वेळी सगळे देव आले. मग पुढची ओळ हिराबायने उचलली, अर्ध्यात आली आणि थांबली. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी थांबली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सुनंदाला तो माहीत होता. तिने सांगितला नाही. शेजारच्या बायांचे हात सुपात तसेच राहिले. पट्टा फुगला, सुटला.

"चढला काय?" हिराबायने विचारलं.

"चढला."

"किती?"

मी सांगितला. तिने तो आकडा दोनदा पुटपुटला, पाठ करावा तसा.

"मला वाटलं, चढायचा बंदच झाला," ती म्हणाली. मग बबनकडे वळली. "ती पाटी काढ खाली. आन् मला ने दवाखान्यात. लगनाआधी ने. माझं काय गेलंय आन् काय राह्यलंय, ते मला मांडवात कळायला नको."

बबन उठला. खिळा काढायला त्याला बराच वेळ लागला. भक्कम ठोकला होता.

तपासण्या झाल्या, आधी मुरबाडला आणि मग पुढे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की थोडं औषधाने सुधारण्यासारखं आहे, थोडं नाही, आणि आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. हे शेवटचं ते सगळ्यांनाच सांगत असावेत, असं बबन मला म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून तो असं म्हणाला असावा, असं मला वाटलं.

लग्नाचं आमंत्रण मला होतं. त्या दिवशी ओटीवर धवल्याला घेतलेल्या आकड्यांचा कागद मी संस्थेत दिला. डॉक्टरबाईंनी तो पाहिला, कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणाल्या आणि स्वतःच्या खणात ठेवला.

मांडवात हिराबाय पुढे आणि सुनंदा तिच्या मागे, नेहमीसारख्याच उभ्या राहिल्या. हिराबायने पहिला धवला चांगला नेला. देव आले, कुळं आली. नवरीच्या नावाची जागा आली आणि तिने खणखणीत आवाजात "सुनंदा" म्हटलं. तेही लग्न तिनेच लावलं होतं. मागून सुनंदाने ओळ झेलली आणि "पूजा" म्हटलं. मांडवाने दोन्ही नावं ऐकली. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

हिराबाय मागे वळली. कोऱ्या चेहऱ्याने सुनेकडे पाहिलं.

"चूक," ती म्हणाली. "परत."

सुनंदाने परत म्हटलं. पूजाच. जरा मोठ्याने, आणि सासूच्या नजरेला नजर देऊन. हिराबायने नवरीकडे पाहिलं, मग सुनेकडे. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग ती एक पाऊल मागे आली, सुनंदाला दंडाला धरून पुढे केलं आणि तिच्या मागे उभी राहिली.

पुढची ओळ सुनंदाने उचलली. हिराबायने ती झेलली. नावासकट, बिनचूक.